अनाहूत आशीर्वाद

आपण देव मानीत नाही, असे रत्नागिरी जिल्ह्यात चारचौघांत सांगणाऱ्या माणसाशी वाद घालावयास सहसा कोणी येत नाही. वाद घालणारा निदान दुसऱ्याची बाजू ऐकून घेतो. ह्या माणसाच्या वाट्याला येतात ती सुटी वाक्ये. एस्.टी.च्या थांब्यावर, मासळीबाजारात, लग्नाच्या पंगतीत, रुग्णालयाच्या बाकावर कोणी तरी पुढे होऊन म्हणतो, "मास्तर, वेळ आली की आठवेल हो देव." दुसरा म्हणतो, "आईवडिलांची पुण्याई आहे, म्हणून चाललंय तुमचं." त्याच्या पत्नीला बाजूला घेऊन सांगितले जाते, "वहिनी, त्यांचं राहू दे, तुम्ही निदान पोरांसाठी तरी ओटी भरा." आणि सर्वांत गोड वाक्य असे: "तुम्ही कुणाचं वाईट करीत नाही ना? मग तुमच्यात देव आहेच." ह्या वाक्यात गौरव आहे असे वाटते. वस्तुत: त्या माणसाचा चांगुलपणा त्याच्या खात्यातून काढून दुसऱ्याच्या खात्यावर जमा केलेला असतो.

ह्यांपैकी एकही वाक्य कोणी मागितलेले नसते. देवळातून परतणाऱ्या गृहस्थाला वाटेत थांबवून "तुमचा देव नाही, बरे का" असे सांगणारा नास्तिक भेटला, तर लोक त्याला उद्धट म्हणतील, आणि ते योग्यच होईल. तोच नियम उलट बाजूस लागू होत नाही. सार्वजनिक जागेची मालकी श्रद्धेकडे आहे व अश्रद्ध हा तेथील पोटभाडेकरू आहे, असे सर्वांनी, पुष्कळदा त्या अश्रद्धानेही, गृहीत धरलेले असते. पोटभाडेकरूला मालकाने येता-जाता दोन शब्द सुनवावेत ह्यात कोणाला वावगे वाटत नाही.

एवढेसे मनाला लावून घेऊ नये, असे चळवळीतील अनुभवी मंडळी सांगतात. कोकणी माणसाची जीभ कोणालाच सोडीत नाही, तेव्हा नास्तिकाला तेवढी सूट कशासाठी? ह्यात तथ्य आहे. परंतु ही वाक्ये केव्हा उच्चारली जातात हे पाहिले पाहिजे. माणूस धडधाकट असतो, दोन पैसे मिळवीत असतो, तोवर ती थट्टेच्या सुरात येतात. घरात दुखणे आले, मूल दगावले, नोकरी गेली किंवा आंब्याचा मोहोर जळाला, की तीच वाक्ये निकालपत्रासारखी वाचली जातात. शेजाऱ्याच्याही कलमांचा मोहोर त्याच पावसाने जळालेला असतो आणि त्याने देवाला नारळ चुकविलेला नसतो. पण त्याच्या बाबतीत ते हवामान ठरते आणि नास्तिकाच्या बाबतीत शिक्षा. दु:खात असलेल्या माणसाला त्याच्या दु:खाचे कारण तोच आहे असे सांगणे ह्याला सांत्वन म्हणण्याची प्रथा आहे.

ह्या जिल्ह्याने ह्या प्रकरणाची मोठी उदाहरणे पाहिलेली आहेत. दापोली तालुक्यातील मुरूड हे धोंडो केशव कर्व्यांचे गाव. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला आणि गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. १९५८ मध्ये त्याच महर्षींना भारतरत्न मिळाले, तेव्हा जिल्ह्याला त्यांचा अभिमान वाटू लागला होता. त्यांचे चिरंजीव रघुनाथ ह्यांच्या वाट्याला मात्र अशी उशिराची क्षमा फारशी आली नाही. र. धों. कर्वे निरीश्वरवादी होते आणि ते लपविण्याची गरज त्यांना कधी वाटली नाही. संततिनियमनाचे केंद्र त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत काढले. त्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातील गणिताची नोकरी गेली. १९२७ च्या जुलैपासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक ते जवळपास एकट्याने चालवीत राहिले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर एकाहून अधिक खटले भरले गेले, आणि १९३४ मधील खटल्यात त्यांच्या बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. दंड झाला तो झालाच. वडिलांनी समाजाच्या एका रूढीवर घाव घातला होता, तो समाजाने कालांतराने पचविला. मुलाने रूढीच्या मागे उभा असलेला साक्षीदारच बाद ठरविला. ह्याखेरीज दोघांच्या वाट्याला आलेल्या न्यायातील अंतराचे दुसरे कारण दिसत नाही.

दुसरे उदाहरण समाजवादी कार्यकर्त्याला अधिक जवळचे आहे. हमीद दलवाई हे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. जन्म १९३२. राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी पक्ष ह्यांच्या संस्कारात ते वाढले. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईच्या विधानभवनावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी होती. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. आपण श्रद्धावान नाही हे दलवाईंनी समाजापासून कधी चोरून ठेवले नाही, आणि त्याचबरोबर आपण मुसलमान समाजात जन्मलो व त्याच समाजासाठी काम करणार, हेही सोडले नाही. श्रद्धावंताला हा जोडपदार्थ समजत नाही. नास्तिक झालास तर निघून जा, असे त्याला म्हणावयाचे असते. जो देव सोडतो पण माणसे सोडीत नाही, त्याचे काय करावे हे त्याच्या पोथीत दिलेले नसते. मूत्रपिंडाच्या विकाराने ३ मे १९७७ रोजी दलवाई गेले, तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीसही नव्हते. मृत्यूनंतर कोणताही धार्मिक विधी करू नये, देह दहन करावा, असे त्यांनी लिहून ठेवले होते व त्याप्रमाणे चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत त्यांचे दहन झाले. ज्या समाजात दफनाखेरीज दुसरा विचार मनात आणणेही अवघड, तेथे ही इच्छा पार पाडताना त्यांच्या कुटुंबाला काय काय ऐकावे लागले असेल, ह्याची कल्पना करता येते.

येथे थोडे थांबून एका वेगळ्या अनाहूत वाक्याकडे पाहिले पाहिजे. दलवाईंचे नाव निघाले की रत्नागिरीतील, आणि पुण्यातीलही, पुष्कळ हिंदू सज्जन भारावून जातात. "असा एक तरी माणूस त्यांच्यात निघाला!" ह्या कौतुकातील 'त्यांच्यात' हा शब्द महत्त्वाचा. हेच सज्जन र. धों. कर्व्यांचे नाव निघाले की घसा खाकरतात, आणि स्वत:च्या पुतण्याने मुंज नाकारली तर त्याच्याशी वर्षभर बोलत नाहीत. परधर्मातील नास्तिक हा सर्वांनाच गोड वाटतो, कारण तो आपल्या देवाला हात लावीत नाही. दलवाई ह्या कौतुकाला फसले नाहीत. हिंदू जमातवादावर त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले. परंतु त्यांच्या पश्चात त्यांना सोयीपुरते उचलून नेण्याचा उद्योग चालू आहे आणि तो समाजवाद्यांनी निमूटपणे पाहू नये.

रत्नागिरीत ह्या विषयावर बोलताना सावरकरांना वगळून पुढे जाता येणार नाही, आणि तसे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९२४ ते १९३७ ह्या स्थानबद्धतेच्या काळात त्यांनी येथे जातिभेदावर, स्पर्शबंदीवर व पोथीनिष्ठेवर प्रहार केले. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असे त्यांनी लिहिले, आणि स्वत:च्या अंत्यसंस्काराबाबतच्या त्यांच्या सूचना १९६६ मध्ये मुंबईच्या विद्युतदाहिनीत पाळल्या गेल्या. आज त्यांचा जयजयकार करणाऱ्यांना हे लेख वाचून दाखविले तर सभा उधळेल. परंतु ह्या शहराने त्यांचे ते बोलणे कोणत्या अटीवर ऐकून घेतले? त्यांच्या समाजसुधारणेची ठळक खूण म्हणून आजही दाखविले जाते ते १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांच्या पैशांतून उभे राहिलेले पतितपावन मंदिर. अस्पृश्यांना प्रवेश मिळाला ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. मात्र तो मंदिरातच मिळाला. सावरकरांची बुद्धिवादी भाषा हिंदूंच्या संघटनेच्या कुंपणाआत उभी होती, म्हणून ती खपली. कुंपणाच्या बाहेर उभे राहून तेच शब्द उच्चारणाऱ्या एखाद्या महार, कुणबी वा मुसलमान तरुणाला तेवढी मुभा मिळाली नसती.

समाजवाद्यांनी काय केले? सानेगुरुजी हे ह्याच जिल्ह्यातील पालगडचे, आणि अंतर्बाह्य श्रद्धाळू. १९४७ मध्ये त्यांनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. त्यांच्या छायेत वाढलेल्या चळवळीला श्रद्धेची चेष्टा करणे कधी जमले नाही, ही तिची शोभाच होय. परंतु त्याच वेळी एक अलिखित सल्ला खालपर्यंत झिरपत गेला. नास्तिक असाल तर असा, पण बोलू नका, लोक दुरावतील. शिमग्यात पालखी दारात आली की दोन फुले वाहा, गणपतीत आरतीला उभे राहा, प्रचाराचा नारळ फोडताना दूर सरू नका. कित्येक निष्ठावंत कार्यकर्त्यांनी आयुष्यभर हा सल्ला पाळला. त्याने मते किती वाढली हे सांगता येत नाही. पण गावातल्या एखाद्या पोराला प्रश्न पडला, तर आपल्यासारखा विचार करणारा दुसरा माणूस शेजारच्याच घरात आहे, हे त्याला कधी कळले नाही.

ह्या सल्ल्याची कसोटी एका वेगळ्या ठिकाणी लागली. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. श्रीराम लागू 'विवेकजागराचा वाद-संवाद' हा कार्यक्रम गावोगाव घेऊन हिंडत. लागू सांगत की ईश्वर ही कल्पना आता कालबाह्य झाली आहे, तिला निरोप द्यावा. दाभोलकर सांगत की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे देवाधर्माशी भांडण नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाशी आहे. व्यासपीठावर दोघांचा मतभेद उघड होई आणि श्रोते तो ऐकत. रंगभूमीवरील मोठेपणाने लागूंना पुष्कळ संरक्षण दिले असेल; एका नटाचे मत म्हणून लोकांनी ते सोडून दिले असेल. पण संयमाची, पथ्याची, श्रद्धावंताला न दुखविण्याची भाषा ज्यांनी आयुष्यभर सांभाळली, त्या 'साधने'च्या संपादकाला २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या. दोन वर्षांनी कोल्हापुरात गोविंद पानसरेंवर तीच वेळ आली. दाभोलकर खटल्याचा निकाल लागावयास २०२४ चा मे उजाडला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे निर्दोष सुटले. तेव्हा मौन पाळले म्हणजे सुरक्षितता मिळते, हा सल्ल्याचा उत्तरार्धही आता उरलेला नाही.

तेव्हा काय, प्रत्येक कार्यकर्त्याने चव्हाट्यावर उभे राहून निरीश्वरवाद गाजवावा? नव्हे. ह्या बाबतीत नास्तिकांचाही इतिहास निर्मळ नाही. चार्ल्स ब्रॅडलॉ हे इंग्लंडमधील नास्तिक पुढारी. १८८० मध्ये पार्लमेंटवर निवडून आले, पण शपथेच्या प्रश्नावरून १८८६ पर्यंत त्यांना आपली जागा घेऊ दिली गेली नाही. हिंदुस्थानच्या बाजूने ते तेथे इतके बोलले, की १८८९ च्या मुंबई काँग्रेसला ते आले तेव्हा त्यांचे मोठे स्वागत झाले. १८९१ मध्ये ते वारले. त्यांच्या अंत्यविधीला गेलेल्यांत मोहनदास गांधी नावाचा एक तरुण विद्यार्थी होता. परतताना स्टेशनवर एका कडव्या नास्तिकाने एका पाद्र्याला गाठले आणि पृथ्वीचा परीघ मोजून दाखवून तुमचा देव नेमका कोठे राहतो, असे भर गर्दीत विचारले. पाद्र्याने शांतपणे, तो आपल्या दोघांच्याही अंत:करणात राहतो, अशा अर्थाचे उत्तर दिले. गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे की ह्या प्रसंगाने नास्तिकतेविषयीची त्यांची अरुची वाढली. अनाहूत वाक्य त्या दिवशी नास्तिकाने उच्चारले होते, आणि त्याचे फळ त्याला मिळाले.

त्याच गांधींना पुढे आंध्रमधील गोरा भेटले. नास्तिक म्हणून नोकऱ्या गमावलेला, खेड्यात अस्पृश्यतेविरुद्ध राबणारा माणूस. गोरांनी कोणाला वाटेत गाठले नाही. विचारल्यावर मात्र काही लपविलेही नाही. त्यांच्या मुलीचा विवाह एका हरिजन तरुणाशी सेवाग्रामला व्हावयाचा होता, तेव्हा विधीतून ईश्वराचे नाव वगळून तेथे सत्य हा शब्द घालण्यास गांधीजींनी मान्यता दिली. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ मध्ये, तो विवाह सेवाग्रामलाच झाला. श्रद्धावंताशी कसे वागावे ह्याचा ह्याहून चांगला पाठ कार्यकर्त्याला शोधावा लागणार नाही.

परंतु खरा प्रश्न शिष्टाचाराचा नाहीच, आणि नास्तिकांच्या सभा-संमेलनांत ह्याच ठिकाणी चर्चा घसरते. कसे उत्तर द्यावे, कोणता दाखला द्यावा, ह्यावर तासन् तास बोलले जाते. उत्तर देण्याची ऐपत कोणाला आहे, हे कोणी विचारीत नाही. रत्नागिरी शहरात पगारी नोकरी करणारा, भाड्याच्या अगर स्वत:च्या सदनिकेत राहणारा मनुष्य "मी मानीत नाही" असे म्हणून एस्.टी.त बसून जातो. त्याचे फार तर लग्नाचे एखादे आमंत्रण चुकेल. वाडीवर राहणाऱ्या शेतकऱ्याचे तसे नाही. त्याची विहीर, त्याची पायवाट, भातलावणीला येणारी माणसे, आणि शेवटी खांदा देणारे चार जण ही सर्व गावकीच्या हातात असतात. पालखी सहाणेवरून निघून घरोघरी फिरते, तेव्हा ती फक्त देव घेऊन येत नाही. कोण गावात आहे आणि कोण नाही ह्याची ती हजेरी असते. तेथे वर्गणी नाकारणे म्हणजे ईश्वराच्या अस्तित्वाविषयी मत देणे नव्हे, गावाचा राजीनामा देणे होय. रायगड-रत्नागिरीत माणसे वाळीत टाकण्याचे प्रकार इतके उघड झाले, की महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. कायदा झाला म्हणून लावणीला माणसे आली, असे मात्र होत नाही.

स्त्रीची गोष्ट ह्याहून बिकट. पुरुषाची नास्तिकता ही त्याच्या डोक्यात असते. स्त्रीची तिच्या अंगावर शोधली जाते. कपाळ, गळा, मनगट, हळदीकुंकवाला ती गेली की नाही, वडाला दोरा बांधला की नाही. तिला शेरा ऐकण्यासाठी तोंडही उघडावे लागत नाही. आणि तिचा नवरा पुढे आजारी पडला, तर तिने न बांधलेल्या दोऱ्याचा हिशेब सासरची माणसे काढतात. चळवळीतील किती नास्तिक पुरुषांच्या घरची देवपूजा त्यांच्या पत्नींनी केली आणि शेरे परस्पर झेलले, ह्याची मोजदाद कधी झालेली नाही.

कायद्याने वाट पुष्कळ मोकळी केलेली आहे. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्मस्वातंत्र्याच्या आधी सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य लिहिलेले आहे. लोकप्रतिनिधीला ईश्वरसाक्ष शपथ घेण्याऐवजी गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येते. शाळेच्या प्रार्थनेत हात न जोडल्याबद्दल नाशिकच्या एका शिक्षकाची वेतनश्रेणी अडविली गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की शासन कोणालाही धर्म जाहीर करावयास भाग पाडू शकत नाही आणि 'धर्म नाही' असे म्हणण्याचा हक्क नागरिकाला आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांनी धर्म सांगितलेला नाही. त्यांत नास्तिक किती हे कळण्यास मार्ग नाही, कारण त्यांच्यासाठी वेगळा रकानाच नव्हता. पण हे निर्णय शहरातल्या वकिलापाशी राहतात. शाळेतला दाखला भरताना कारकून विचारतो, "धर्म काय लिहू?" आणि 'काही नाही' असे उत्तर आले की तो स्वत:च काही तरी लिहून टाकतो.

दलवाईंची शेवटची इच्छा मुंबईत पुरी झाली, कारण मुंबईत महापालिकेची विद्युतदाहिनी होती. तिने जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, विधी मागितला नाही. मिरजोळीत त्या वेळी असे काय होते? आणि आज जिल्ह्यातील किती गावांत आहे? बहुतेक ठिकाणी स्मशाने वाडीवार व जातवार आहेत, आणि ज्याला कोणाच्याही विधीशिवाय जावयाचे आहे त्याच्यासाठी जागा नाही. पक्षाच्या जिल्हा शाखांनी नास्तिकतेवर परिसंवाद भरवावेत, त्यास कोणाची हरकत नाही. परंतु ग्रामपंचायतीच्या मालकीची, सर्वांना खुली दहनभूमी आणि दफनभूमी, वाडीच्या नव्हे तर पंचायतीच्या ताब्यातील नळपाणी, विशेष विवाह कायद्याखाली लग्न करू पाहणाऱ्या जोडप्यामागे तीस दिवसांच्या नोटिशीच्या काळात उभे राहणारी चार माणसे, बहिष्काराची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात सोबत जाणारा एक कार्यकर्ता, एवढे जेथे असेल तेथे "वेळ आली की आठवेल देव" ह्या वाक्यातली धमकी निघून जाईल आणि उरलेली थट्टा कोणीही सहन करील. ह्या मागण्यांच्या निवेदनावर भजनी मंडळातला माणूसही सही करतो, असा अनुभव आहे. स्मशानात वाडीवाडीची भांडणे त्यानेही पाहिलेली असतात.